कोल्हापुरातली स्पोर्ट्स कार: आधी टायर, मग रिम

माझ्या गाडीसाठी नवीन अलॉय व्हील, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, आणि टायर निवडण्याचे काम मध्यंतरी पूर्ण झाले. त्या निमित्ताने जे वाचले, मोजले आणि जाणकारांकडून ऐकले ते इथे मांडतो आहे. या विषयावर मिळणारा बहुतेक सल्ला जर्मनी-अमेरिकेतल्या किंवा फार तर मुंबई-बंगळुरूतल्या रस्त्यांवर वापरलेल्या गाड्यांवरून आलेला असतो, आणि फुलेवाडी नाक्यापासून गगनबावड्यापर्यंतच्या रस्त्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. गाडी बीएमडब्ल्यूची झेडफोर, ई८९ पिढीतली (ही पिढी २००९ ते २०१६ या काळात तयार झाली), तीन लिटरचे दोन टर्बो असलेले इंजिन, ३०६ अश्वशक्ती आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. मी ती रस्त्यावरच चालवतो. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, इथून देशपातळीवर शर्यती खेळलेले चालक आहेत, त्यामुळे गावात चाकांविषयी बोलणारी माणसे कमी नाहीत. मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांचे बोलणे ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून असते, आणि ट्रॅकवर स्पीडब्रेकर नसतात, उसाचे ट्रॅक्टर नसतात आणि श्रावणातला पाऊसही नसतो.

दुकानात गेल्यावर संभाषणाची सुरुवात रिमच्या नक्षीपासून होते, मग इंचांवर येते, आणि टायरचा विषय शेवटी, उरलेल्या पैशांत, उरकला जातो. हा क्रम मला मुळातच उलटा वाटतो. गाडीचा जमिनीशी संबंध टायरमुळे येतो. रिमने तो टायर योग्य आकारात धरायचा, ब्रेकला जागा द्यायची आणि धक्का बसला तर तुटायचे नाही, एवढीच अपेक्षा. म्हणून मी आधी टायरचे माप ठरवले, मग त्या मापाचे चांगले टायर इथे मिळतात का हे पाहिले, आणि त्यानंतर रिमकडे वळलो.

मापाचा विचार टायरच्या उंचीपासून सुरू करावा. माझ्या गाडीला पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ अशी मापे आहेत. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४० म्हणजे बाजूची भिंत त्या रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर, आणि १८ हा रिमचा इंचांतला व्यास. मागे २५५ चे ३५ टक्के, म्हणजे सुमारे ८९. रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये, टायर दाबला जाण्यापूर्वी, एवढेच रबर असते. दुकानदार ज्या १९ इंची रिमचा आग्रह धरतात तिच्यावर पुढे २२५/३५ बसतो आणि भिंत ७९ मिलिमीटरच्या आत येते. मागच्या २५५/३० ची तर ७६.५. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, म्हणून दुकानदार "काही फरक पडत नाही" असे सांगतो, आणि स्पीडोमीटरपुरते ते बरोबरही असते. परंतु कोपार्डे किंवा कळे गावच्या वेशीवरचा रंग उडालेला स्पीडब्रेकर संध्याकाळच्या उजेडात उशिरा दिसला, तर गेलेल्या ११-१३ मिलिमीटरची आठवण नक्की होते.

खड्ड्यापेक्षाही मला भीती वाटते ती साइडपट्टीची. नोव्हेंबर ते मार्च या गाळप हंगामात समोरून दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर आला की डाव्या बाजूची दोन चाके डांबरावरून खाली उतरवावी लागतात. उतरताना काही होत नाही. परत वर चढताना डांबराची तुटकी कड टायरच्या बाजूला तिरकी घासते, आणि ती कड तीन-चार बोटे उंच असेल तर भिंतीला कट बसतो, किंवा आतले दोरे तुटून दोन दिवसांनी फुगा आलेला दिसतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही. तो बदलावाच लागतो. कमी उंचीचा टायर इथे दोन प्रकारे हरतो: एक तर वाकायला जागा नाही, आणि दुसरे म्हणजे दिसायला छान म्हणून अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवलेला असेल, तर रिमची कडच सर्वांत बाहेर येते आणि पहिला फटका तीच खाते.

मग १८ वरून १७ वर का उतरू नये? हा प्रश्न मी गांभीर्याने घेतला होता. पुढे २२५/४५ आर १७ आणि मागे २५५/४० आर १७ घेतले, तर व्यास मूळ मापापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरने बदलतो, भिंत मात्र १०१-१०२ मिलिमीटर मिळते. कागदावर कोल्हापूरसाठी हेच माप उत्तम. अडचण उपलब्धतेची आहे. २२५/४५ आर १७ अनेक गाड्यांना चालत असल्याने कुठेही मिळतो. २५५/४० आर १७ विचारला की दुकानदार मागवून देतो म्हणतो, आणि त्या मागवण्याला किती दिवस लागतील ते त्यालाही माहीत नसते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात 'निर्बंधित' यादीत टाकल्यापासून कमी खपाच्या मापांची स्थिती आणखी अवघड झाली. याउलट २२५/४० आणि २५५/३५ आर १८ ही जोडी काही मर्सिडीज गाड्यांनाही चालत असल्याने एक टायर गेला तर दुसरा मिळण्याची आशा असते. शनिवारी संध्याकाळी आंबोलीहून येताना टायर फाटला, तर सोमवारी काय मिळेल हा विचार माप ठरवताना करावाच लागतो. तेवढ्यासाठी मी १८ वर राहिलो. ज्यांच्या गाडीला पुढे-मागे एकच माप चालते त्यांनी मात्र एक इंच खाली येण्याचा विचार जरूर करावा. त्यांना टायर पुढे-मागे अदलाबदल करता येतात हा वेगळाच फायदा.

तिसरा मार्ग इथे बरेच जण घेतात: रिम १८ ची ठेवायची आणि टायर उंच घ्यायचा, म्हणजे २२५/४५ आणि २५५/४०. त्याने भिंत वाढते, गाडी सुमारे ११-१३ मिलिमीटर वर उचलली जाते आणि पोट घासणे कमी होते. परंतु व्यास पुढे साडेतीन आणि मागे चार टक्क्यांनी वाढतो. गिअरिंग लांब होते, स्पीडोमीटरचे आकडे बदलतात आणि टायर पुढच्या बाजूला सस्पेन्शनच्या अगदी जवळ येतो. उंच सेडानला हे चालून जाते. या गाडीच्या चाकाच्या कमानीत तेवढी मोकळी जागा नाही.

आता टायरच्या जातीविषयी. गाडीबरोबर आलेले रनफ्लॅट टायर मी काढले. रनफ्लॅटची भिंत इतकी कडक असते की हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, गाडी चालवता येते, आणि म्हणूनच या गाडीत स्टेपनी नाही. पण त्याच कडक भिंतीमुळे खड्ड्याचा धक्का थेट रिमला आणि पाठीच्या मणक्याला जातो, टायर जड असतो आणि किंमतही जास्त. साधा टायर घेतल्यावर गाडीत पंक्चर काढण्याचे किट, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली ठेवावी लागते. बाजूला कट बसला तर यांपैकी कशाचाही उपयोग नाही आणि टो व्हॅन बोलवावी लागते, हे गृहीत धरूनच हा निर्णय घ्यावा. रात्री-अपरात्री एकट्याने फोंडा घाट उतरणाऱ्याने रनफ्लॅट ठेवले तर मी त्याला दोष देणार नाही.

पावसाचा मुद्दा इथे इतर कुठल्याही मुद्द्यापेक्षा मोठा आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झालेली वर्षे कोणाला नवीन नाहीत. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले की वाहतूक बंद, हे दर पावसाळ्याचे आहे. पण बंद झालेल्या रस्त्यावर टायरचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो चालू रस्त्यावर, चाकोरीत साचलेल्या बोटभर पाण्याचा. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या चाकांवरून एक साधे सूत्र मांडले होते: हवेच्या दाबाचे वर्गमूळ जितके कमी, तितक्या कमी वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतो. ३२ पीएसआय दाबाला तो वेग ताशी साधारण ९४ किलोमीटर येतो आणि २५ पीएसआयला ८३. मोटारीच्या टायरला नक्षी असते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घ्यायचे नाहीत. परंतु दिशा खरी आहे, आणि त्यात टायरची रुंदी वाढली की पाणी बाजूला ढकलण्याचे काम वाढते. 'रुंद टायर म्हणजे जास्त पकड' हे कोरड्या डांबरावर बऱ्याच अंशी खरे आहे. जुलैमध्ये साळवणच्या पुढे तोच रुंद टायर घासलेला असेल, तर तो गाडीला सरळ पाण्यावर चढवतो.

म्हणूनच टायरवर 'ट्रेडवेअर २००' असा आकडा असणारी (हा आकडा झिजेचा; कमी आकडा म्हणजे लवकर झिजणारा टायर), ट्रॅकच्या जवळ जाणारी जात मी विचारातही घेतली नाही. त्या टायरांत खाचा कमी आणि रबर जास्त असते, कोरड्यात ते अप्रतिम असतात आणि साचलेल्या पाण्यात बेभरवशाचे. शिवाय ट्रेडवेअरचा आकडा प्रत्येक कंपनी संदर्भ टायरशी तुलना करून स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसऱ्या कंपनीचा ३०० हे सारखेच झिजतील असे समजू नये. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो आकडा बरा. रस्त्यावरच्या वेगवान गाडीसाठी योग्य वर्ग म्हणजे ज्याला कंपन्या 'अल्ट्रा हाय परफॉर्मन्स' म्हणतात तो: मिशेलिनचे पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचे पोटेन्झा, योकोहामाचे अॅडव्हान ही त्यातली ओळखीची नावे. अपोलोने व्रेडेस्टाइन हे आपले युरोपीय नाव भारतात आणल्यापासून त्या वर्गात आणखी एक पर्याय उपलब्ध झाला आहे. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे घ्यावेत. पुढे एक, मागे दुसरे, असे केले तर पावसात आधी कोणते टोक सुटेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो अंदाजच तर महत्त्वाचा.

टायरच्या भिंतीवर जे लिहिलेले असते ते वाचण्यासाठी दुकानातली पाच मिनिटे द्यावीत. २२५/४० आर १८ हे माप ८८ आणि ९२ अशा दोन भारांकांत येते. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो आणि ९२ म्हणजे ६३०. जास्त भारांकाच्या टायरवर 'एक्सएल' लिहिलेले असते. माझ्या मते इथल्या रस्त्यांना एक्सएलच घ्यावा, कारण त्याची बांधणी अधिक मजबूत असते. मात्र त्याची जास्तीची क्षमता मिळवायची तर हवाही थोडी जास्त ठेवावी लागते. वेगाचे अक्षर व्ही असेल तर ताशी २४०, डब्ल्यू असेल तर २७०, वाय असेल तर ३००. कागलच्या पुढच्या महामार्गावरही तो वेग कोणाला गाठायचा नाही, पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता अधिक सोसतो आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचे डांबर किती तापते हे सर्वांना माहीत आहे. शेवटी चार आकडी तारीख: १४२५ म्हणजे २०२५ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. कमी खपाच्या मापाचा टायर गोदामात दोन-अडीच वर्षे पडून असू शकतो, आणि तो 'नवा' म्हणून पूर्ण किमतीला विकला जातो. सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताना तर हे आकडे आधी पाहावेत. या गाड्या फार कमी चालवलेल्या असतात, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक असते आणि रबर मात्र वयाने कडक झालेले असते. ओल्या वळणावर असा टायर घासलेल्या टायरइतकाच धोकादायक. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. आपल्या पावसासाठी मी ३ मिलिमीटरला टायर बदलावा या मताचा आहे.

टायर ठरला की रिमची मापे ठरवणे सोपे होते, कारण प्रत्येक टायरला कोणत्या रुंदीची रिम चालते ते प्रमाणांत ठरलेले आहे. २२५/४० आर १८ साठी साडेसात ते नऊ इंच, २५५/३५ आर १८ साठी साडेआठ ते दहा. मी पुढे ८ आणि मागे ८.५ याच मूळ मापांवर राहिलो. पुढचा प्रश्न ऑफसेटचा, आणि खरे घोटाळे इथेच होतात. रिमची गाडीला टेकणारी सपाट बाजू आणि रिमची मधली रेषा यांतले मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर ते 'ईटी' या अक्षरांपुढे कोरलेले असते. आकडा कमी तितके चाक बाहेर. समजा मूळ रिम ८ इंची, ईटी २९ आहे, आणि दुकानदार ८.५ इंची, ईटी ३५ दाखवतो आहे. ८ इंच म्हणजे २०३.२ मिलिमीटर, त्याचे निम्मे १०१.६, त्यातून २९ वजा केले की बाहेरची कड टेकण्याच्या जागेपासून ७२.६ मिलिमीटरवर येते, आणि २९ मिळवले की आतली कड १३०.६ वर. नव्या रिमची बाहेरची कड ७२.९५ वर, म्हणजे जागच्या जागी; आतली मात्र १४२.९५ वर, म्हणजे बारा मिलिमीटरहून अधिक आत सरकली. सस्पेन्शनच्या नळीशी तेवढी जागा आहे का, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. त्याच रुंदीची ईटी १५ ची रिम घेतली तर बाहेरची कड वीस मिलिमीटर बाहेर येते. दिसायला गाडी ऐटदार दिसते, पण खड्ड्यात चाक वर उचलले गेले की मडगार्डची कड टायर कापते, बेअरिंगवर भार वाढतो आणि स्टिअरिंग प्रत्येक चाकोरीमागे ओढले जाऊ लागते. रस्त्यावरच्या चिखलाचे शिंतोडे दरवाजावर येतात ते वेगळेच.

मोजण्याची एक बिनखर्चाची रीत आहे. गाडी जॅकवर घेऊन पुढचे चाक काढावे, सस्पेन्शनच्या आणि ब्रेक कॅलिपरच्या सर्वांत बाहेर आलेल्या बिंदूपासून टेकण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे आणि जाड पुठ्ठ्यावर रिमच्या आतल्या आकाराचा नमुना कापून लावून पाहावा. नवे चाक बसवल्यावर कमानीच्या प्लॅस्टिकच्या अस्तराला खडूची पूड लावून, दोन माणसे बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवत एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून सावकाश गाडी न्यावी. घासले असेल तर खडू पुसलेला दिसतो. रंकाळ्याच्या बाजूला गाडी उभी करून मी हे करत होतो तेव्हा एका आजोबांनी थांबून विचारले, "काय, पूजा चाललीय व्हय चाकाची?"

बोल्टांच्या वर्तुळाचा, म्हणजे पीसीडीचा, एक धोका विशेष सांगण्यासारखा आहे. माझ्या गाडीला ५ बाय १२० लागते, म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट. बीएमडब्ल्यूच्या नव्या पिढीतल्या अनेक गाड्यांना ५ बाय ११२, जे स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडीलाही चालते. बाजारात ५ बाय ११२ चे पर्याय कितीतरी जास्त, त्यामुळे "पाच बोल्टच आहेत, बसतंय की आरामात" असे म्हणणारा भेटतोच. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर मोजावे: ५ बाय १२० ला ते ७०.५ मिलिमीटर येते, ५ बाय ११२ ला ६५.८. फरक जुजबी वाटतो, पण तो हलणारे बोल्ट वापरून भरून काढण्याचा नाही. मधले भोकही पाहावे. माझ्या गाडीचे हब, म्हणजे रिमचे मधले भोक ज्यावर बसते तो भाग, ७२.६ मिलिमीटरचे आहे, आणि बाजारातल्या बऱ्याच रिमचे भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते. त्या फटीत बसणारी कडी लावलीच पाहिजे, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही, गाडी ताशी ८०-९० ला थरथरते आणि मालक बॅलन्सिंगवाल्याला दोष देत फिरतो. बोल्टाचे टेकणे शंकूसारखे की गोलाकार, हेही जुळले पाहिजे. बीएमडब्ल्यूचे शंकूसारखे असते, फोक्सवॅगनचे गोलाकार.

यानंतर उरतो तो रिम कशी बनवली आहे हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर समजून घ्यायला कोल्हापूरसारखे गाव नाही. उद्यमनगरात आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसींत ओतकाम कळणारी माणसे जागोजागी आहेत. त्यांचे काम बहुतेक बिडाचे असते, ॲल्युमिनियमचे कमी, पण धातू थंड होताना काय करतो हे त्यांना पुस्तकाशिवाय समजते. शिरोलीत फाउंड्री चालवणाऱ्या एका स्नेह्यांच्या टेबलावर एक तुटलेली रिम ठेवलेली मी पाहिली. कोणा नामांकित रिमची ती हुबेहूब नक्कल होती. बनवणाऱ्याचे नाव कुठेच नव्हते. आरा जिथे बाहेरच्या नळकांड्याला मिळतो तिथे ती तुटली होती. तुटलेल्या पृष्ठभागाचा एक कोपरा काळपट आणि बाकीचा भाग चकचकीत राखाडी होता. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. हवा आणि पाणी लागून तो गंजल्यासारखा झाला होता. चकचकीत भाग शेवटच्या दणक्यात एकदम तुटलेला. त्या काळपट कोपऱ्याच्या मुळाशी मोहरीएवढी दोन-तीन भोके होती आणि त्यांच्या आतली भिंत खडबडीत, बारीक कोंबांची. "हे श्रिंकेज," ते म्हणाले, "जाड भाग शेवटी थंड होतो, तिथं धातू कमी पडला. आमच्याकडनं असं कास्टिंग गेलं असतं तर गिऱ्हाईकानं गेटवरनंच परत पाठवलं असतं. ह्यावर रंग मारला आणि विकलं."

चांगली ओतीव रिम सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असलेल्या ॲल्युमिनियमची, बहुधा ए३५६ या मिश्रधातूची असते. वितळलेला धातू कमी दाबाने खालून वर साच्यात चढवला जातो, त्यामुळे हवा कमी अडकते. मग प्रत्येक रिम क्ष-किरणांखाली तपासली जाते. त्यानंतर टी६ नावाची उष्णता-प्रक्रिया होते आणि तिथे तिला ताकद येते. शेवटी ती हवा धरते की नाही हे पाहिले जाते. याच्या वरची पायरी फ्लो फॉर्मिंगची: मधला भाग ओतीव, परंतु बाहेरचे नळकांडे गरम करून, फिरवत, रोलरने दाबून लांबवले जाते. त्याने धातू दाट होतो आणि भिंत पातळ असूनही मजबूत राहते. सर्वांत वर फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेली रिम. प्रचंड क्षमतेच्या प्रेसखाली घडवलेली, हलकी, आणि मोठा फटका बसला तर सहसा आधी वाकणारी. १८ बाय ८ मापाची साधी ओतीव रिम साधारण ११ किलोच्या आसपास, फ्लो फॉर्म्ड ९ च्या जवळपास, फोर्ज्ड ८ च्या आसपास भरते. स्प्रिंगच्या खालचे हे वजन कमी झाले की चाक खड्ड्यातून लवकर परत जमिनीला लागते, आणि आपल्या रस्त्यावर तो फरक स्टिअरिंगला जाणवतो.

मी फ्लो फॉर्म्ड घेतली. फोर्ज्डची किंमत त्या गाडीच्या वापराला झेपणारी वाटली नाही, आणि एक रिम गेली तर जुळणारी दुसरी मागवण्यात महिने गेले असते. घेताना रिमच्या मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही जपानी प्रमाणांची चिन्हे, एका चाकाचा कमाल भार किलोत, आणि बनवणाऱ्याचे नाव ओतीव अक्षरांत आहे का ते पाहिले. चिन्ह खोटे कोरता येते हे खरे आहे. म्हणून बनवणारी कंपनी कोणती, ती वळणाचा भार, सरळ भार आणि कडेवरचा आघात या तिन्ही चाचण्यांचा अहवाल देते का, हे विचारावे. 'रेप्लिका आहे, पण क्वालिटी सेम' या वाक्यानंतर मी दुकानातून बाहेर पडत असे. सेकंडहँड रिम घेणार असाल तर मागच्या बाजूची कड हाताने चाचपावी आणि ती कधी सरळ करून घेतली होती का हे विचारावे. टी६ प्रक्रियेतला शेवटचा टप्पा साधारण १५५ ते १७० अंश सेल्सिअसला होतो. वाकलेली रिम गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकली की तापमान त्याच्या कितीतरी वर जाते आणि कमावलेली ताकद तिथेच संपते. वरून पावडर कोटिंग केले की ते डोळ्यांना कळत नाही.

कायद्याबाबत थोडक्यात: जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कंपनीने ठरवलेल्या तपशिलाबाहेर जाणारे बदल अडचणीचे ठरू शकतात. मूळ व्यास, मूळ रुंदी आणि मडगार्डच्या आत राहणारे चाक ठेवले तर वाद घालण्याची वेळ येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर चाकाकडे बोट दाखवत नाही.

बसवताना मी स्वतः उभा राहिलो. हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून घेतला, कडी बसवली आणि बोल्ट आधी हाताने लावायला सांगितले. हवेच्या गनने बोल्ट आवळण्याची सवय इथे सर्वत्र आहे. त्यात एक बोल्ट अति आवळला जातो आणि दुसरा कमी. या गाडीच्या बोल्टांना १२० न्यूटन मीटर लागते. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळण्याचा पाना, स्वतःची घेतली, चांदणीच्या क्रमाने आवळून घेतले, आणि गाडी शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासले. नायट्रोजन भरा असा आग्रह झाला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा मी कोरडी हवा आणि दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या गेजने तपासणी, यावर समाधानी आहे. रनफ्लॅट काढून साधे टायर घातल्याने दारावरच्या स्टिकरवरचे आकडे सुरुवात म्हणून घेतले आणि टायर रुंदीभर सारखा झिजतो आहे का हे पाहत एक-दोन पीएसआयने जुळवले. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करताना स्क्रीनवरचा हिरवा रंग पाहून समाधान मानू नये. आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागून घ्यावा, कारण पुढचा खड्डा लागल्यावर तुलना करायला तोच उपयोगी पडतो.

पावसाळा तोंडावर आला आहे. मागच्या टायरची नक्षी पुढच्यापेक्षा लवकर झिजते आहे, हे ३०६ अश्वशक्तीच्या गाडीत अपेक्षितच होते. पुढे-मागे वेगळी मापे असल्याने अदलाबदल शक्य नाही, म्हणून मागची एक जोडी आधीच मागवून ठेवावी की दिवाळीपर्यंत थांबावे, एवढा हिशेब सध्या चालू आहे. ताज्या तारखेचा माल हाती लागला तर मी थांबणार नाही.